वळचणीचं पाणी आढ्याला

मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरजवळच्या आमच्या घरातला तो पहिला हिवाळा. २०१३च्या उन्हाळ्यात घर घेतलं होतं. जानेवारीतल्या एका सकाळी बाहेर येऊन बघतो तर वळचणीला या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फाचे सुळे लोंबत होते. काही वीतभर, काही चांगले पुरुषभर. कोवळं ऊन त्यांच्यातून आरपार येत होतं. मी हौसेने फोटो काढला आणि गुहागरला आईला पाठवला. संध्याकाळी तिचा फोन आला. "दिसतंय छान," ती म्हणाली, "पण एवढ्या थंडीत पागोळ्या कशा रे? माळ्यावर कोणी चूल पेटवलीय का?"

मी हसलो. अगं, ऊन पडतं, बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, असं काहीतरी तिला समजावलं. "मग शेजाऱ्याच्या छपरावर ऊन पडत नाही का?" फोटोच्या कोपऱ्यात शेजारचं घर आलं होतं. त्याच्या छपरावर बर्फाची गादी जशीच्या तशी होती आणि वळचणीला एकही सुळा नव्हता. मी विषय बदलला.

पुढच्या हिवाळ्यात, फेब्रुवारी २०१५मध्ये, जेवणाच्या टेबलावर वरणाच्या पातेल्यात छतातून पहिला थेंब पडला तेव्हा मला तो प्रश्न आठवला. जिने आयुष्यात बर्फ पाहिला तो फक्त मासेवालीच्या टोपलीत, तिने एका फोटोवरून आमच्या घराचं दुखणं ओळखलं होतं. माळ्यावर खरंच चूल पेटलेली होती. ती आम्हीच पेटवली होती, आणि तिचं बिलही दर महिन्याला भरत होतो.

ही पुस्तिका ज्यांनी लिहिली त्यांची आणि माझी ओळख त्याच थेंबामुळे झाली. इथल्या मराठी मंडळात सगळे त्यांना काका म्हणतात. मुखपृष्ठावर नाव घालायला त्यांनी साफ नकार दिला, तेव्हा मीही इथे काकाच म्हणतो. ते स्थापत्य अभियंता; उमेदीची सगळी वर्षं न्यू इंग्लंडमधल्या इमारतींची छपरं तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर मंडळातल्या कुणाचंही छत गळलं की फोन त्यांनाच. हिवाळा संपल्यावर घराचं छप्पर कसं तपासावं हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला, म्हणून शेवटी त्यांनी ते लिहून काढलं. प्रस्तावना मी लिहावी असा त्यांचा आग्रह. कारण विचारलं तर म्हणाले, "जितक्या चुका करता येतात तितक्या तू एका हिवाळ्यात केल्यास. वाचकांना तुझा आधार वाटेल."

त्या चुकांकडे येतोच. आधी तो हिवाळा. बॉस्टनच्या लोगन विमानतळावर २०१४-१५च्या मोसमात ११०.६ इंच बर्फ पडला, १९९५-९६चा १०७.६ इंचांचा विक्रम मोडला. आणि हा बर्फ मोसमभर वाटून पडला नाही. २४ जानेवारीच्या सुमाराला सुरुवात झाली आणि पुढच्या महिन्याभरात त्यातला बहुतेक सगळा कोसळला. पहिल्याच वादळात आमच्या वूस्टरमध्ये ३४.५ इंच. १० फेब्रुवारीला बॉस्टनच्या सगळ्या रेल्वेगाड्या बंद ठेवाव्या लागल्या. शहरातला बर्फ ट्रकांनी उचलून बंदराजवळ नेऊन ओतला, त्याचा जो डोंगर झाला तो पूर्ण वितळायला १४ जुलै उजाडला. थंडीही अशी की फेब्रुवारीचा मोठा भाग पारा गोठणबिंदूच्या खालीच. पडलेला बर्फ वितळायला वाव नव्हता. एक थर बसला की त्यावर दुसरा.

मग आमच्या छपरावर पाणी आलं कुठून?

मराठीत उलट्या, अशक्य गोष्टीला वळचणीचं पाणी आढ्याला जाणं म्हणतात. आढं म्हणजे छपराचा सगळ्यात उंच कणा आणि वळचण म्हणजे खालची कड. पाणी आढ्याकडून वळचणीकडे येतं, या एका भरवशावर उतरतं छप्पर बांधलेलं असतं. इथल्या हिवाळ्यात तो भरवसा सुटतो. घर आत बावीस अंशांना ठेवलेलं. छतातल्या दिव्यांची भोकं, माळ्याच्या दाराची फट, चिमणीच्या आणि पाइपांच्या भोवतीची पोकळी, इथून ती ऊब वर जाते आणि छपराच्या प्लायवूडला खालून शेक देते. वरचा बर्फ स्वतःच एक जाड गोधडी. बाहेर उणे दहा असलं तरी गोधडीच्या आत, प्लायवूडला लागून, बर्फ वितळू लागतो. ते पाणी बर्फाखालून, बाहेरून कुणाला न दिसता, उतरत वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर आलेली. तिच्याखाली घर नाही, ऊब नाही. तिथे पोचताच पाणी गोठतं. दुसऱ्या दिवशीचं पाणी त्यावर गोठतं. आठवड्याभरात कडेला बर्फाचा बांध उभा राहतो. इकडे त्याला आइस डॅम म्हणतात आणि हे नाव अगदी बरोबर आहे, कारण मागून येणारं पाणी त्याच्यामागे धरणासारखं साठतं, पातळी चढते, आणि पाणी एकेका शिंगलच्या, म्हणजे छपरावरच्या डांबरी पट्टीच्या, खालून उलटं वर सरकतं. आढ्यापर्यंत जात नाही, पण भिंत ओलांडून घरात शिरण्याइतकं वर नक्की जातं.

तर बर्फाचे सुळे म्हणजे थिजलेल्या पागोळ्याच. आणि पागोळ्या आहेत म्हणजे वर कुठेतरी पाणी होतंय, पाणी होतंय म्हणजे खाली कुठेतरी ऊब निसटतेय. आईने उलट्या बाजूने हेच विचारलं होतं.

कोकणातल्या घरात वाढलेल्या माणसाला हे आपसूक सुचायला हवं होतं, असं मला नंतर फार वाटलं. आमच्या घरी दर वैशाखात शाकारणी व्हायची. नळीची कौलं असताना तर सबंध छप्पर उतरवून, झाडून, फुटकी वगळून पुन्हा लावायचे. मग मंगळुरी कौलं आली. बासेल मिशनने मंगळूरला १८६५मध्ये कारखाना काढला तेव्हापासून ही चपटी, खाचेत खाच बसणारी कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. ती आल्यावर काम कमी झालं, संपलं नाही. वानरं कौलं सरकवायची, नारळ पडून एखादं फुटायचं. गडी वर चढायचा आणि वडील खाली माजघरात उभे राहून ओरडून सांगायचे, "तिथे नाही, दोन वासे अलीकडे!" कारण गळतीची जागा खालूनच कळायची. आमच्या घराला छत नव्हतं. डोकं वर केलं की वासे, रीपा आणि कौलांची पाठ. भर दुपारी जिथून कवडसा पडतो तिथून मृगात पाणी पडणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत. छप्पर रोज, चोवीस तास तपासलं जात होतं. तपासतोय असं कुणाला वाटतही नव्हतं.

इथे माणूस आणि छप्पर यांच्यामध्ये छताचा गुळगुळीत पांढरा तक्ता, म्हणजे शीटरॉक, त्याच्यावर इन्सुलेशनची गादी, आणि त्यावर एक अंधारी पोकळी ज्यात दिवाळीच्या माळा आणि मुलांचे जुने कपडे ठेवायला वर्षातून एक-दोनदा जायचं. छप्पर दिसतच नाही. बाहेरून बघावं तर हिवाळ्यात तेही झाकलेलं. मग जे दिसतं ते थेट छतावरचा चहाच्या डागासारखा पिवळा डाग, आणि तोपर्यंत वरची लाकडं महिनाभर भिजलेली असतात.

शिंगल आणि कौल यांच्यात मला वाटायचं तेवढं अंतर नाही, हेही काकांनीच दाखवलं. डांबर, काचतंतू आणि वर खड्यांचा थर दाबून केलेली ही पट्टी. पण लावायची रीत तीच, खालची आधी, वरची तिच्यावर चढवून. दोन्ही वाहत्या पाण्याला वाट दाखवतात. साचलेल्या पाण्याला अडवणं हे दोघांचंही काम नाही. कौलारू घरात हे चाललं, कारण कोकणात पाणी कितीही कोसळलं तरी छपरावर थांबत नाही. इथे ते थांबतं. म्हणून नवीन घरांत शिंगलच्या खाली, कडेपासून भिंतीच्या आतल्या रेषेच्या पुढे किमान २४ इंचांपर्यंत, चिकट डांबरी पडदा घालावा लागतो. बर्फाच्या प्रदेशांतला बांधकामाचा नियमच तसा आहे. आमचं घर १९५०च्या दशकातलं, केप पद्धतीचं. दीड मजली, वरच्या खोल्यांचं छत छपराच्याच उताराला चिकटलेलं, दोघांत गादी भरायला जेमतेम जागा. असल्या घरांना आइस डॅमचा त्रास सगळ्यात जास्त. घर घेताना आम्ही शाळा बघितल्या, हायवे बघितला, किराणा दुकान किती मिनिटांवर ते बघितलं.

आता चुका. पहिली म्हणजे थेंब पडल्यावर मी शिडी काढली. जमीन बर्फाने झाकलेली, शिडीचे पाय कशावर टेकलेत ते दिसत नव्हतं, आणि मी एका हातात हातोडा घेऊन वर. बायकोने आरडाओरडा करून खाली उतरवलं, नाहीतर ही प्रस्तावना दुसऱ्या कुणाला लिहावी लागली असती. दुसरी चूक: त्या आठवड्यात दारावर एक पिकअप घेऊन आलेल्या माणसाला रोख पैसे देऊन बांध फोडायला सांगितला. तो कुऱ्हाड घेऊन वर गेला. बांध फुटला, आणि त्याच्याबरोबर साठेक शिंगल्सही फुटल्या. थंडीत त्या बिस्किटासारख्या कडक होतात. तिसरी चूक, बादलीभर मीठ वर फेकलं. त्याने बांधाला दोन खळगे पडले, पन्हळीचा पत्रा गंजला आणि वसंतात खालची हायड्रेंजिया उठलीच नाही.

(पन्हळ म्हटलं, कारण इकडचा गटर हा शब्द माझ्या तोंडी बसत नाही. आमच्या गावी गटार म्हणजे वेगळंच काही. काकांनी पुस्तिकेत दोन्ही शब्द आलटून पालटून वापरलेत. वाचकाने वास मनात आणू नये.)

मग कुणीतरी काकांचा नंबर दिला. ते आले ते हातात शिडी नाही, विजेरी घेऊन. बाहेर छपराकडे त्यांनी पाहिलंही नाही. बूट काढले आणि विचारलं, "माळ्याचं दार कुठंय?" मला वाटलं, म्हातारबाबांना थंडी वाजतेय.

या पुस्तिकेचा सगळा विचार त्या एका प्रश्नात आहे, आणि म्हणूनच ती बाजारातल्या इतर माहितीपत्रकांहून वेगळी आहे. ती पत्रकं छपरापासून सुरू होतात: दुर्बीण घ्या, शिंगल्स मोजा, ठेकेदाराला बोलवा. काका घराच्या आतून सुरू करतात, कारण त्यांच्या मते हिवाळ्यात छपराचं जे बिघडतं त्याचा मोठा भाग खालून बिघडतो. निम्मी पुस्तिका माळ्यावरच घडते. वाचताना अंगाला इन्सुलेशन चावल्यासारखं होतं.

त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग खिळ्यांचा. प्लायवूडमधून शिंगल्सच्या खिळ्यांची टोकं माळ्यावर डोकावत असतात, शेकड्यांनी. कडाक्याच्या थंडीत ही टोकं बाहेरइतकीच गार होतात आणि घरातून वर आलेली दमट हवा त्यांच्यावर हिमाच्या कणांनी जमते. प्रत्येक खिळ्याला पांढरी टोपी. एखाद्या उबदार दुपारी त्या सगळ्या टोप्या एकदम वितळतात आणि माळ्यावर पाऊस पडतो. खाली डाग उमटतो, घरमालक म्हणतो छप्पर गळलं, ठेकेदार म्हणतो नवं घाला, आणि वीस-पंचवीस हजार डॉलरचं नवं छप्पर घातल्यावर पुढच्या जानेवारीत पुन्हा पाऊस. काकांनी असं एक घर पाहिलं होतं. तिथे न्हाणीघराच्या पंख्याची नळी बाहेर न काढता माळ्यावरच सोडून दिली होती. चार माणसांच्या आंघोळीची वाफ रोज छपराला खालून लागत होती. पंख्याची नळी बाहेर काढण्याचा खर्च किती, ते वाचकाने त्या प्रकरणात पाहावं आणि त्या घरमालकासाठी हळहळावं.

डाग गळतीचा की दवाचा, हे ओळखायची त्यांची रीत अशी: गळतीचा डाग एका जागेपासून उताराने खाली ओघळत जातो आणि त्याच्या वर शोधलं तर काहीतरी सापडतं, चिमणी, पाइप, छपराच्या दोन उतारांमधली घळ. दवाचे डाग खिळ्याखिळ्याभोवती विखुरलेले, अंगावर पुरळ उठल्यासारखे, आणि बहुधा उत्तरेच्या पाख्याला जास्त. विजेरी बंद करून दोन मिनिटं अंधारात उभं राहायचं, हाही त्यांचा एक नियम. कुठून उजेड येतो ते बघायचं. आढ्याशी आणि वळचणीशी हवा खेळायला ठेवलेल्या फटींतून यायलाच हवा. इतर कुठून आला तर तिथे खूण करायची. हे वाचताना मला आमचं माजघर दिसलं. कवडसा शोधायला साता समुद्रापलीकडे अंधारात उभं राहावं लागेल, असं वडिलांना कधी वाटलं नसेल.

आपल्या स्वयंपाकघरांवरचं प्रकरण खास मराठी वाचकांसाठी आहे आणि काही घरांत त्याने भांडणं होणार आहेत. कुकरच्या शिट्ट्या, उकडीचे मोदक, तासभर रटरटणारी उसळ, शिवाय हिवाळ्यात घरातच दोरीवर वाळत घातलेले कपडे. शेगडीवरचा पंखा अनेक घरांत हवा बाहेर टाकत नाहीच. जाळीतून गाळून पुन्हा खोलीत सोडतो. काकांनी घराघरांत आर्द्रता मोजली. कडाक्याच्या थंडीत ती तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास असावी, ती त्यांना पंचावन्न-साठ सापडली. स्वयंपाक बदला असं ते सुचवत नाहीत, त्यांना जेवायला आवडतं. पंख्याची नळी बाहेर काढा, एवढंच म्हणतात.

उपायांचा क्रमही त्यांनी ठासून सांगितलाय: आधी फटी बुजवा, मग गादी जाड करा, मग हवा खेळती आहे का ते बघा. आपण बहुतेक जण मधूनच सुरू करतो, कारण गादी अंथरलेली दिसते आणि बुजवलेली फट दिसत नाही. फटी तशाच ठेवून वर चौदा-पंधरा इंच सेल्युलोजचं इन्सुलेशन ओतलं तरी ऊब त्यातून वाट काढतेच. वळचणीच्या जाळ्या त्या गादीने बुजल्या तर आणखी वाईट. खालून गार हवा आत येऊन आढ्यातून बाहेर पडली तर छपराचं अंग सगळीकडे सारखं गार राहतं, आणि बर्फ वितळतो तो आपल्या वेळेला, मार्चच्या उन्हात. मॅसॅच्युसेट्समधल्या वाचकांनी ‘मास सेव्ह’ योजनेतली घराची ऊर्जा-तपासणी जरूर करून घ्यावी. ती विनामूल्य आहे, आणि फुकट म्हटल्यावर आपण मागे राहू असं वाटत नाही.

बाहेरून बघण्याच्या भागावर मी थोडक्यातच लिहितो. त्यात चित्रं आहेत आणि ती माझ्यापेक्षा बरी बोलतात. जमिनीवर उभं राहून, चांगल्या दुर्बिणीतून, सकाळच्या तिरप्या उन्हात. उचललेली, मुडपलेली, गायब झालेली शिंगल. पन्हळीच्या तोंडाशी साचलेले वाळूसारखे खडे. नव्या छपराचे थोडे पडतातच, जुन्याचे ओंजळभर पडू लागले तर त्याचे दिवस भरत आले. बर्फाच्या वजनाने भिंतीपासून सुटलेली पन्हळ. चिमणीच्या विटा, कारण फटीत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि विटेचा पापुद्रा सुटतो. आणि संडासाच्या हवेचा पाइप जिथे छपरातून बाहेर येतो तिथली रबरी कॉलर. ही फुटकळ वस्तू छपराच्या आधी पुष्कळ वर्षं वाळून तडकते आणि छप्पर चांगलं असताना घर गळतं. काका म्हणतात, त्यांना ज्या गळत्या दाखवल्या गेल्या त्यांत चिमणीच्या सांध्यानंतर या कॉलरचाच क्रमांक.

छपरावर मात्र चढायचं नाही. हे वाक्य पुस्तिकेत अकरा वेळा आलंय, मी मोजलं. दहाव्या वेळी कंटाळा येतो. तरी संपादन करताना मी एकही गाळलं नाही, कारण वर सांगितलेली शिडी माझीच होती. भर हिवाळ्यात काही करायचंच तर जमिनीवरून, लांब दांड्याच्या रूफ रेकने, विजेच्या तारांपासून दूर उभं राहून, कडेचा तीन-चार फुटांचा पट्टा उताराच्या दिशेने खाली ओढायचा. बांध झालाच असेल तर जुन्या लांब मोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो बांधावर आडवा नाही, उभा ठेवायचा, म्हणजे पाण्याला वाट होते. ही मलमपट्टी. बांध खरोखर काढायचा तर वाफेचं यंत्र घेऊन येणारे लोक बोलवावेत, कुऱ्हाडवाले नकोत.

एक प्रकरण वजनाचं आहे आणि ते मी दोनदा वाचलं. बारा इंच ताजा भुसभुशीत बर्फ चौरस फुटाला सुमारे पाच पौंड भरतो. तेवढंच वजन दबलेल्या जुन्या बर्फाच्या चार इंचांत असतं, आणि निव्वळ गोठलेल्या बर्फाच्या एका इंचात. निकोप छप्पर सर्वसाधारणपणे चौरस फुटाला वीस पौंड पेलतं. म्हणजे दीड हजार चौरस फुटांच्या छपरावर त्या मर्यादेला साडेतेरा टन, तीन हत्ती, बसलेले असतात आणि आपण खाली टीव्ही बघत असतो. उतरत्या छपराची घरं यात बहुतेक तरतात. धोका सपाट आणि लांब गाळ्याच्या छपरांना. २८ जानेवारी १९२२ला वॉशिंग्टनमधल्या निकरबॉकर थिएटरचं सपाट छप्पर अठ्ठावीस इंच बर्फाखाली चालू खेळात कोसळलं आणि ९८ माणसं गेली. आमच्यापासून तासाभरावरच्या हार्टफर्डमधल्या सिव्हिक सेंटरचं छप्पर १८ जानेवारी १९७८च्या पहाटे खाली आलं. काही तासांपूर्वीच तिथे सुमारे पाच हजार लोक बास्केटबॉलचा सामना बघून घरी गेले होते. त्या छपराच्या रचनेतच चूक होती, बर्फाने ती फक्त उघड केली. काकांच्या पिढीतल्या अभियंत्यांना हार्टफर्ड पाठ असतं. समरव्हिल, वूस्टरमधल्या तिमजली सपाट छपरांच्या घरांत भाड्याने राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी त्यांनी या प्रकरणाला जोड दिली आहे: आतली दारं अचानक घासू लागली, भिंतीला नवे तडे गेले, वरून करकर ऐकू आली, तर सामान न आवरता बाहेर पडायचं आणि मग घरमालकाला फोन करायचा.

विम्याबद्दल दोन पानं आहेत, ती पुरेत. बहुतेक पॉलिसी बर्फाच्या भाराने झालेलं नुकसान धरतात, बांध फोडायचा खर्च अनेकदा धरत नाहीत, आणि आधीच झिजलेल्या छपराला हात लावत नाहीत. म्हणून हिवाळ्याआधीचे तारखेसकट फोटो हवेत. वादळानंतर दारावर येऊन तिथल्या तिथे सही मागणाऱ्यांबद्दल काकांनी जे लिहिलंय ते मी जरा सौम्य केलंय.

एका गोष्टीवर आमचं जमलं नाही. वळचणीला नागमोडी लावायच्या तापत्या तारांना काका फसवणूक म्हणतात. घर ऊब गळू देतं आणि तुम्ही वीज जाळून बाहेर आणखी ऊब सोडता, असा त्यांचा मुद्दा, आणि तो खोटा नाही. पण आमच्यासारख्या केप घराला, जिथे उताराच्या छतात गादी भरायला चार इंचही नाहीत, सगळं उघडून नव्याने करेपर्यंतची दोन-तीन वर्षं त्या तारांनी आम्हाला झोप दिली. मी ते तसं त्यांना सांगितलं. त्यांनी तळटीप घातली: ‘काही लोकांना तारा आवडतात.’

तपासणी कधी करायची, याचंही उत्तर त्यांनी आपल्या पंचांगात बसवून दिलंय. गावाकडे छप्पर पावसाच्या तोंडावर, चैत्र-वैशाखात बघतात. इथे ते बर्फ गेल्यावर बघायचं, आणि महिने तेच येतात. पाडव्याला माळ्यावर, अक्षय्य तृतीयेच्या आत बाहेरून. पाडव्याला गुढीची काठी काढायला नाहीतरी माळ्यावर जायचंच असतं.

जाताना खिशात पेन्सिल ठेवावी. काका पहिल्या दिवशी आमच्या माळ्यावर दोन तास होते. खाली आले तेव्हा भुवयांवर सेल्युलोज होतं, आणि त्यांनी मला परत वर नेऊन दाखवलं. प्लायवूडवरच्या प्रत्येक डागाभोवती त्यांनी पेन्सिलने गोल काढला होता आणि शेजारी तारीख घातली होती. पुढच्या वर्षी डाग गोलाच्या आत राहिला तर जुना आहे, बाहेर आला तर जिवंत आहे. दर पाडव्याला मी वर जातो. सात गोल आहेत. चिमणीजवळच्या डागाला २०१६मध्ये दुसरा गोल काढावा लागला, २०१७मध्ये तिसरा. मग चिमणीचा पत्रा बदलला. त्यानंतर त्या तिसऱ्या गोलाच्या बाहेर काही आलेलं नाही. गेल्या खेपेला आई इथे आली होती, पाडवा इथेच झाला. ती शिडीच्या तळाशी उभी राहून वर बघत होती. विजेरी बंद केल्यावर अंधारात तिचा आवाज आला, "उजेड कुठून येतोय सांग. नीट बघ, घाई करू नकोस."